तळमजल्यावरच्या काकांचं अपग्रेड

पनवेलमध्ये आजवर जेवढं तेल तापलं असेल, त्यातलं निम्मं तरी आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी हुंगलेलं आहे. उरलेलं निम्मं काकांच्या जन्माआधी तापलं, म्हणून वाचलं. मिरची गल्लीपासून उरण नाक्यापर्यंत असा एकही कढईवाला नसेल, ज्याने काकांना लांबून येताना पाहून झारा खाली ठेवला नाही. काका भांडायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. गाडीसमोर उभे राहायचे, डोळे मिटायचे, नाक किंचित वर करायचे आणि पत्रिका बघून मुलीला मंगळ असल्याचं सांगावं तसं हळूच म्हणायचे, "कालचं आहे." मग तोच वडा विकत घ्यायचे, तिथेच उभं राहून खायचे आणि "छान झालाय" असंही सांगायचे. पण त्या 'कालचं आहे'नंतर रांगेतल्या बाकीच्या गिऱ्हाइकांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. स्टेशनजवळच्या एका वडेवाल्याने शेवटी तह केला. बुधवारी सकाळी कढईत नवं तेल पडतं, तर काकांनी फक्त बुधवारी सकाळीच यायचं. काकांनी हा तह अखेरपर्यंत इमानाने पाळला, आणि आमच्या इमारतीतले सगळेच बुधवारी सकाळी वडे आणायला लागले.

मी लग्न होऊन या इमारतीत आले, तेव्हाच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट. सासूबाईंनी फराळाचं ताट हातात देऊन मला खाली पाठवलं आणि पाठवताना म्हणाल्या, "चकली तळाशी ठेवलीय. वरचं आधी खाऊ देत." मला काही कळलं नाही. काकांनी दार उघडलं, रुमाल बाजूला केला, करंज्या-लाडवांना हातही न लावता थेट तळातली चकली काढली, मोडली, नाकाशी धरली. "शेंगदाण्याचं म्हणून घेतलंत ना? त्यात पामोलीन आहे. थोडी सरकीसुद्धा. तुझ्या सासूचा हात चांगला आहे, दुकानदाराचा नाही." नवी सून मी, हे वर जाऊन कोणत्या शब्दांत सांगायचं या विचाराने मी दोन जिने अर्ध्या तासात चढले. चार दिवसांनी काकूंनी ताट परत पाठवलं ते गव्हाच्या चिकाच्या हलव्याच्या वड्यांनी भरून, नारळाच्या दुधातल्या, तोंडात ठेवताच विरघळणाऱ्या. आम्ही दुकान बदललं.

काका बेने इस्राईल. कोकणातल्या या ज्यू मंडळींचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल मोकळा सोडून घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांचं नाव पडलं शनिवार तेली. काका घराण्याचा सगळा इतिहास एका दमात सांगत. "आजोबांनी तेल काढलं, वडिलांनी विकलं, मी तपासलं आणि चिरंजीव तिकडे इस्राईलमध्ये, अश्दोदला ते सॅलडवर ओततात." तपासलं म्हणजे खरोखरच तपासलं. जुन्या पनवेलीत एका गोदामाच्या वर काकांची छोटीशी प्रयोगशाळा होती आणि तिच्यात एक यंत्र होतं. तेलाचा नमुना तयार करून त्या यंत्रात सोडला, की त्यातले घटक एकेक करून वेगळे होऊन बाहेर पडत आणि संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकाचं एकेक शिखर उमटत जाई. शास्त्रज्ञ त्या चित्राला काहीतरी लांबलचक नाव देतात. काका त्याला 'चेहरा' म्हणत. तिळाची दोन शिखरं जवळजवळ सारख्या उंचीची, म्हणून ते जुळे भाऊ. खोबरेल घाईचं, त्याचं मोठं शिखर सुरुवातीलाच येऊन जातं. आणि शेंगदाणा म्हणजे कर्नाळा, एकच उंच सुळका आणि मागे बारीकबारीक टेकाडं. ही टेकाडं नसली की काका चष्मा काढून म्हणत, "हा शेंगदाणा नाही. शेंगदाण्याचे कपडे घातलेत."

वय झालं, तशी काकांनी प्रयोगशाळा बंद केली. यंत्र विकलं, काचसामान एका कॉलेजला दिलं. संगणक मात्र घरी आणला आणि जिथे इतर लोक टीव्ही ठेवतात तिथे, हॉलमध्ये दारासमोर त्याची स्थापना केली. मूळचा पांढरा, आता गव्हाळ झालेला, पाठीला भलं मोठं पोक असलेला पडदा. त्याच्यावर काकूंनी विणलेलं क्रोशाचं आच्छादन. आत वीस-पंचवीस वर्षांच्या तेलांचे चेहरे आणि ते चेहरे दाखवणारं जुनंपुराणं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर मोठं मानी होतं. संगणकाच्या मागे आगपेटीएवढी एक किल्ली खोचल्याशिवाय ते उघडायचंच नाही. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काका ती किल्ली काढून चष्म्याच्या जुन्या घरात ठेवत आणि घर कपाटात. कारण सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागे आणि मग शनिवारी तारे दिसेपर्यंत काम म्हणून काही करायचं नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. "मी दाबणार नाही हो," काका म्हणत, "पण हाताचा भरवसा नाही. सवयीने जातो तिकडे."

किल्ली कपाटात गेली, की काकू दिवा लावत. काचेच्या टांगत्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात. प्रयोगशाळा होती तोवर ते खोबरेलसुद्धा काका आधी यंत्रात घालून बघत. काकू चिडत, "देवाला कळत नाही का चांगलं-वाईट?" त्यावर काका शांतपणे सांगत, "त्याला कळतं. मला यंत्र लागतं." काकू गेल्यावर दिवा काका लावायला लागले. वात त्यांना कधीच नीट जमली नाही. ती एका बाजूला कलायची, आणि शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना खालच्या खिडकीत तो कललेला उजेड दिसला, की मला उगाचच बरं वाटायचं.

शनिवारचे काका वेगळे असत. एरवी आमच्याकडे यायचे ते घंटी वाजवून, तीही बोट न उचलता, दार उघडेपर्यंत. शनिवारी मात्र घंटी म्हणजे वीज, तेव्हा दारावर बोटाच्या पेरांनी ठकठक करायचे. सगळी इमारत ठकठक ऐकून वार ओळखायची. त्या दिवशी चूल नाही, म्हणून शुक्रवारी दुपारीच थर्मास भरून ठेवलेला असे, आणि अख्ख्या पनवेलच्या कढया कालच्या तेलासाठी धारेवर धरणारा हा माणूस शनिवारी दिवसभर कालचा चहा मिटक्या मारत पीत असे. एकदा त्यांनी मला तो दिला. मी डोळे मिटले, नाक वर केलं आणि म्हटलं, "कालचा आहे." काका इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. उरणजवळच्या करंज्याहून मासे घेऊन येणाऱ्या मावशीला तर काकांनी फार छळलं. त्यांच्या धर्मात खवल्यांचा मासा चालतो, कोळंबी-कुर्ल्या अजिबात नाहीत, पण टोपलीतल्या त्या न चालणाऱ्या कोळंबीचाही ताजेपणा ते तपासून देत, इतरांसाठी. मावशी जिन्यात बसून मला सांगे, "ताय, तुमचं काका मासली घेत नाय, तिची परीक्षा घेतान. आनि त्यांना खायाची नाय तिलाबी नापास करतान!"

तर असे काका अपग्रेडच्या वाट्याला कशाला जातील? मी नोकरी करते तीच मुळी प्रयोगशाळांची सॉफ्टवेअरं बसवण्याची. तळोजा, रसायनी, पाताळगंगा असं फिरायचं, जुनी आवृत्ती काढायची, नवी घालायची. काकांना मी अनेकदा म्हटलं होतं, हा संगणक एक दिवस डोळे मिटेल, फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून ठेवू. काकांचं उत्तर ठरलेलं. "तेल सुधारलं का? नाही ना? मग ते बघायचं सॉफ्टवेअर कशाला सुधारायचं?"

आणि मग एकदा काका न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी दूधवाल्याला रोजची हाक ऐकू आली नाही म्हणून त्याने खिडकीतून पाहिलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं. वर दोन जिन्यांवर मी झोपले होते, आणि खाली हे रात्रभर लादीवर. अश्दोदचा मुलगा धावत आला, महिनाभर राहिला आणि जाताना नवा लॅपटॉप देऊन गेला. त्याचं म्हणणं एकच होतं, "पप्पा, आता पुरे. पेसाहच्या सणाआधी तिकडे या. कागदपत्रं सगळी मी करतो." काका 'नाही' म्हणाले नाहीत. मुलाला तोंडावर 'नाही' म्हणणारे ते नव्हतेच. ते म्हणाले, "येतो. पण माझ्या फायली त्या लॅपटॉपवर उघडल्या पाहिजेत. सगळ्या. माझं पनवेल मागे टाकून मी येणार नाही." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. म्हटलं, एका दुपारचं काम.

एका दुपारचं नव्हतं. या सॉफ्टवेअरच्या घराण्यात प्रत्येक आवृत्तीला आपल्या लगेच आधीच्या आवृत्तीची फाईल उघडता येते, त्यामागची नाही. पोराला बाप कळतो, आजोबा कळत नाहीत. काकांच्या फायली तर पणजोबांच्या काळच्या. म्हणजे त्यांना एकेक पिढी वर चढवत आणायचं. ऑफिसातून रीतसर परवानगी घेऊन मधल्या सगळ्या आवृत्त्या शोधून काढल्या आणि एका शुक्रवारी लवकर घरी येऊन पहिली पायरी सुरू केली. चांगली वेगाने चालली होती. सूर्य कलला तसे काका घड्याळाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ते आपोआप होतंय काका, आपल्याला काही करायचं नाही, किल्ली तेवढी आज राहू दे." काकांनी दिवा लावला आणि मी वर आले.

शनिवारी सकाळी ठकठक.

"या काका."

काका बसले. इकडेतिकडे पाहिलं. "आज हवा बरी आहे."

"आहे खरी."

"खाली मात्र जरा बेचैनी आहे."

"का? बरं वाटत नाही?" मी घाबरलेच.

"मी ठीक आहे. पण खाली कुणीतरी विचारतंय. कालपासून."

"कोण? काय विचारतंय?"

"'पुढे जायचं?' असं विचारतंय. 'हो' की 'नाही'. चौकोन आलाय पडद्यावर."

"मग दाबायचं ना 'हो'!"

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की इतकी वर्षं शेजारी राहून हेच शिकलीस का. स्वतः दाबायचं नाही हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याला 'दाब' म्हणून सांगायचंही नाही, हे तेव्हा कळलं. फक्त हवापाण्याच्या गप्पा मारत कुणाच्या आपणहून लक्षात आलं तर आलं.

"मी जाऊन दाबू का?"

"मी काहीही म्हटलेलं नाही," काका छताकडे बघत म्हणाले.

मी खाली गेले. पडद्यावर तो चौकोन खरंच होता, रात्रभर ताटकळलेला. मी 'हो'वर बोट ठेवलं आणि वळून पाहिलं, तर काका दाराच्या चौकटीशी भिंतीकडे तोंड करून उभे होते, पाठ माझ्याकडे, कान माझ्याकडे. मी दाबलं. संगणक दोन मिनिटं घरघरला, आणि पडदा निळा पडून सगळंच बंद झालं.

"काय झालं?" भिंतीनेच विचारल्यासारखा आवाज आला.

"बिघडलं. पहिल्यापासून करावं लागेल."

"फायलींना काही नाही ना झालं?"

"नाही, त्या आहेत तिथेच आहेत."

"अरेरे," काका म्हणाले. त्या 'अरेरे'त दुःखाचा लवलेश नव्हता. लगेच वळून त्यांनी थर्मास उघडला आणि मला कालचा चहा दिला.

तेव्हापासून रविवार ठरला. त्यांचा शनिवार झालेला, माझी सुट्टी. मी दहाला खाली जायची आणि जेवायला परत यायची ती नवऱ्याने गॅलरीतून हाक मारल्यावर. नवरा म्हणायचा, "मालिका आहे का ती? दर रविवारी पुढचा भाग?" पण इलाज नव्हता, कारण काम एकट्याने होणारं नव्हतंच. जुन्या संगणकात फाईलला आठच अक्षरांचं नाव देता यायचं, त्यामुळे काकांनी अर्ध्या पनवेलचं बारसं आठआठ अक्षरांत उरकलं होतं, आणि त्या अक्षरांचा अर्थ त्यांच्याशिवाय कुणालाही लागत नव्हता. प्रत्येक फाईल उघडली की आधी गोष्ट. ही कोळखेच्या घाणेवाल्याची, याचा बैल याच्यापेक्षा प्रामाणिक होता. ही त्या फरसाणवाल्याची, भेसळ सापडली तेव्हा माझ्या पाया पडायला आला आणि जाताना माझीच छत्री घेऊन गेला. ही खारघरहून आलेल्या तिळाची. "खारघरहून?" मी विचारलं. मला तिथे टॉवर आणि कॉलेजंच ठाऊक. "हो तर. तेव्हा तिथे माणसं पिकांना पाणी घालायची, आता गाड्यांना घालतात." गोष्ट संपली की काका त्या तेलाचा जुना छापील आलेख काढून नव्या लॅपटॉपच्या पडद्यावर धरायचे आणि शिखरावर शिखर बसतंय का बघायचे. एखादं केसभर हललेलं दिसलं, की ती फाईल नापास. शिखरं जुळली तर रंग बदललाय म्हणून नापास. रंग जुळवून दिला तर म्हणाले, "चेहरा तोच आहे, पण ओळख दाखवत नाही."

इमारतीत सगळ्यांना माहीत होतं, की अपग्रेड झालं म्हणजे काका गेले. त्यामुळे जिन्यात मला लोक क्रिकेटचा धावफलक विचारावा तसं विचारायचे, "कुठवर आलं?" सोसायटीचे चेअरमन म्हणायचे, "त्यांच्या तब्येतीकडे बघता लवकर झालेलं बरं." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी त्यांची पाठ वळताच माझा हात दाबायच्या, "सावकाश कर हो. घाईत कामं बिघडतात." मी दोघांनाही "हो" म्हणायची. मला केव्हाच कळून चुकलं होतं, की काकांचा राग सॉफ्टवेअरवर नव्हता. त्यांना 'झालं' हा शब्द ऐकायचा नव्हता. आणि खरं सांगते, मलाही तो उच्चारायचा नव्हता. मी हे काम कारखान्यांमध्ये पटापट हातावेगळं करते, पण इथे माझा हात जड व्हायचा. मलाही शिखरं हललेली दिसायला लागली होती. तेवढ्यात न्हाणीघराच्या दाराकडे लक्ष जायचं, पुन्हा ती रात्र आठवायची आणि मी पुढची फाईल उघडायची.

पेसाह जवळ आला. फक्त शेवटचा गठ्ठा राहिला होता, शुक्रवारच्या दिव्यांच्या खोबरेलाचा. काकांनी तो मुद्दामच शेवटी ठेवला होता. त्या रविवारी मी तो चढवायला घेतला आणि अश्दोदहून व्हिडिओचा फोन आला. मुलगा दोन वाक्यं बोलला, तेवढ्यात त्याच्याकडे दाराशी कुणी आलं, आणि तो फोन टेबलावर टेकवून उठून गेला. पडद्यावर राहिली पाच वर्षांची नात. मराठी तिला येत नाही, आणि काकांना हिब्रू येतं ते प्रार्थनेपुरतं. दोघं एकमेकांकडे बघत बसले. नातीने काहीतरी विचारलं. काका म्हणाले, "अं?" तिने पुन्हा विचारलं, मग तोंड उघडून हलणारा दात दाखवला. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "पडणार तो. पडला की जपून ठेव." तिला काही कळलं नाही. ती थोडा वेळ वाट बघत थांबली, मग खुर्चीवरून उतरून निघून गेली. फोनमध्ये रिकामी खुर्ची दिसत राहिली. काकांनी फोन बंद केला नाही. कितीतरी वेळ ते त्या खुर्चीकडेच बघत होते.

"तू म्हणाली होतीस ना," ते म्हणाले, "या आवृत्त्यांना बाप कळतो, आजोबा कळत नाहीत."

"काका, ते सॉफ्टवेअरचं म्हटलं होतं मी."

"तेच म्हणतोय मी. मुलगा मध्ये असला की मी उघडतो. तो उठून गेला की मी बंद." त्यांनी चष्मा पुसला. "एकेक पायरी चढवतेस ना तू? तसं मलाच जायला पाहिजे. ती चढून माझ्याकडे यायची नाही."

लॅपटॉपवर चौकोन आला. पुढे जायचं? हो. नाही. मी हात मागे घेतला.

काका बराच वेळ तो वाचत होते, जणू मोठं पत्र आहे. मग म्हणाले, "आज वार कोणता गं?"

"रविवार आहे, काका."

"नक्की?"

"नक्की."

"मग काय, बोलायलाच नको," असं म्हणून त्यांनी आपल्या बोटाने 'हो' दाबलं. खोबरेलाचे चेहरे एकामागून एक उमटत गेले, प्रत्येकाचं मोठं शिखर सुरुवातीलाच. काकांनी एकही छापील कागद पडद्यावर धरला नाही. मी 'झालं' म्हटलं नाही. त्यांनीच म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, बाजूला फळं. एलियाहू पैगंबराची आठवण काढून, प्रार्थना म्हणून, मग सगळ्या घरांत ताटं. त्यांच्या प्रार्थनास्थळातली चार मंडळी आली होती. त्यातले एक म्हणाले, "आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरायला आम्हाला कामोठ्यात फोन लावत बसावं लागणार." वडेवाला भेटायला आला, तो बुधवार नव्हता तरी ताज्या तेलातले वडे घेऊन. काकांनी हुंगले. "आजचं आहे," ते म्हणाले, आणि त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातात काकांनी चष्म्याचं जुनं घर ठेवलं, आत ती किल्ली. म्हणाले, "तिकडे हिचं काम नाही. पण शुक्रवारी संगणकाला लावलेली ठेवू नकोस हं." संगणक आता आमच्याकडे आहे, क्रोशाच्या आच्छादनासकट. मी तो कधी लावतच नाही, तरी शुक्रवारी एकदा कपाट उघडून किल्ली आत असल्याची खात्री करते.

खालच्या घरात आता शिकवणीचा वर्ग भरतो. दिवसभर पाढे आणि चपलांचा ढीग. परवा रविवारी दुपारी मी चहा घेत होते आणि काकांचा आवाजी निरोप आला. नेहमीसारखाच, फोनवर विश्वास नसल्यामुळे ओरडून बोललेला.

"पोरी, इथे बरं आहे. नातीला रोज चेहरे दाखवतो. तिला एकच आवडतो. सकाळी उठून माझ्या खोलीत येते आणि म्हणते, 'कर्नाळा.' मराठीतला तिचा पहिला शब्द आजोबा नाही, कर्नाळा आहे! असो. काम असं, की शुक्रवारी लॅपटॉप बंद करायचा राहिला. काल सकाळी बघतो तर चौकोन. नवी आवृत्ती आली आहे म्हणे, पुढे जायचं? आता काल होता शनिवार. मी शेजारी गेलो, ठकठक केलं, म्हटलं आज हवा बरी आहे. तर तोही शनिवारवाला! समोरचा शनिवारवाला, वरचा शनिवारवाला, खालचा शनिवारवाला. अगं, इथे सगळं गावच शनिवारवालं. मी हवेबद्दल कुणाशी बोलू? आज रविवार, तर इथे रविवारी सगळे कामावर. चौकोन अजून तसाच आहे. मी दाबलेलं नाही. म्हटलं आधी तुला विचारावं. फायलींना काही होणार नाही ना?"

निरोप संपला तेव्हा मी उठून चपला पायांत घातल्या होत्या. दार उघडून जिन्यापर्यंत आलेही. खालून पाढ्यांचा आवाज येत होता. तिथेच कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिले, मग फोन तोंडाजवळ धरून त्यांच्यासारखंच मोठ्याने ओरडून सांगितलं, "काही होत नाही काका. हो म्हणा."